एका घनमीटर पाण्याचे गणित

महाविद्यालयीन गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी व अर्थशास्त्र हे विषय सामान्यतः स्वतंत्रपणे शिकविले जातात व त्यांची उदाहरणेही स्वतंत्रपणे सोडविली जातात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून वाहणाऱ्या कृष्णा व कोयना या नद्यांनी मात्र या चारही शास्त्रांना एकत्र आणले आहे. धरणातून पाणी केव्हा सोडावे, किती पाण्यापासून वीज करावी, किती पाणी दुष्काळी भागात चढवावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, हे सारे प्रश्न मुळात पदवी वर्गातील उदाहरणेच होत. त्यांच्या उत्तरांवर हजारो कुटुंबांचे जीवन अवलंबून असल्याने ती सोडविण्याची रीत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पहिली पायरी : एकके

कोणतेही उदाहरण हाती घेताना काय दिले आहे व काय काढावयाचे आहे, हे प्रथम लिहावे. त्यानंतर सर्व राशी एकाच मापात आणाव्यात. पावसाळ्यात ‘क्युसेक’ व ‘टीएमसी’ हे शब्द गावोगावी ऐकू येतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट पाणी, तर एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २.८३ कोटी घनमीटर पाणी. पहिला प्रवाहाचा वेग आहे, दुसरा साठा. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे काळ.

दिवसाचे ८६,४०० सेकंद होतात. म्हणून एक लाख क्युसेक प्रवाह दिवसभर चालल्यास ८.६४ टीएमसी पाणी वाहते. कोयनेच्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. समजा, त्यात १० टीएमसी जागा शिल्लक आहे, एक लाख क्युसेक पाणी येत आहे आणि पन्नास हजार क्युसेक सोडले जात आहे. तर साठा सेकंदाला पन्नास हजार घनफुटांनी वाढेल व जलाशय दोन लाख सेकंदांत, म्हणजे सुमारे ५६ तासांत भरेल. शिल्लक जागा २० टीएमसी असती, तर हा अवधी दुप्पट मिळाला असता.

हे तास म्हणजे नदीकाठच्या गावांना मिळणारी उसंत होय. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्याही वर गेली होती. परंतु पुराच्या भीतीने जलाशय फार रिकामा ठेवला आणि पुढे पाऊस ओसरला, तर वीज व सिंचन या दोहोंना तूट येते. म्हणूनच केवळ वजाबाकीने हा प्रश्न सुटत नाही. मागील अनेक वर्षांच्या पर्जन्यमानावरून संभाव्यतेचा अंदाज बांधावा लागतो.

दुसरी पायरी : निसर्गनियम

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळविले जाते. पोफळी येथील पहिल्या दोन टप्प्यांत ते सुमारे ४७५ मीटर खाली पडते. एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम असते. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण ९.८ आणि उंची यांचा गुणाकार केला असता सुमारे ४६.५ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजेच ही ऊर्जा १.२९ युनिट झाली. यंत्रांची कार्यक्षमता ८५ टक्के मानली, तर सुमारे १.१ युनिट वीज हाती येते. या हिशेबाने एका टीएमसीपासून सुमारे ३.१ कोटी युनिट वीज मिळते.

आता उलट उदाहरण पाहू. सांगली जिल्ह्यातील जत, कवठे महांकाळ, आटपाडी हे तालुके पर्जन्यछायेत येतात व नदीपात्राहून उंचावर आहेत. खोडशी बंधाऱ्यातून निघणारा जुना कृष्णा कालवा केवळ उताराने वाहतो. ताकारी, म्हैसाळ व टेंभू योजनांमध्ये मात्र पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने चढवावे लागते. एक घनमीटर पाणी १०० मीटर चढविण्यास तत्त्वतः ०.२७ युनिट वीज लागते. पंप व मोटार यांची एकत्रित कार्यक्षमता ७५ टक्के धरल्यास प्रत्यक्ष गरज ०.३६ युनिट होते.

येथे विद्यार्थी हमखास चुकतात. वीजनिर्मितीत कार्यक्षमतेने गुणावयाचे असते, तर उपशात भागावयाचे असते. पंपाच्या उदाहरणातही गुणाकार केल्यास उत्तर ०.२० येते. यंत्रातील घट जमेस धरूनही वीज तात्त्विक गरजेपेक्षा कमी लागते, असा त्याचा अर्थ होईल आणि तो असंभव आहे. उत्तर आल्यावर ते संभवनीय आहे काय, हे पाहण्याची सवय सूत्र पाठ करण्याइतकीच महत्त्वाची आहे.

गृहीतकांची तपासणी

सूत्र बरोबर असले तरी गृहीतक चुकू शकते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापूर्वी कोयनेचा परिसर भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजला जात असे. भूकंपानंतर धरणाची ताकद नव्याने तपासावी लागली व ते मजबूत करण्यात आले. म्हणून प्रत्येक गणिताशेजारी त्यात काय मानले आहे, याची नोंद असावी.

तिसरी पायरी : निवड

वरील दोन उत्तरे शेजारी ठेवली, तर पोफळीस पडणाऱ्या एका टीएमसीच्या विजेतून सुमारे तीन टीएमसी पाणी १०० मीटर चढविता येईल, असे दिसते. तथापि पश्चिमेस गेलेले पाणी पूर्वेकडील शेतीस परत मिळत नाही. कृष्णा पाणी तंट्यात बच्छावत लवादाने १९७६ च्या अंतिम निवाड्यात हे पश्चिमेकडील पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी इतके मर्यादित केले. एका उपयोगासाठी दुसरा सोडावा लागणे यालाच अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात.

हाच विचार शेतापर्यंत नेता येतो. एक हेक्टर क्षेत्रास दहा सेंटिमीटर पाणी देण्यास १,००० घनमीटर पाणी लागते. ते १०० मीटर चढविल्यास सुमारे ३६० युनिट वीज खर्च होते. उदाहरणापुरता दर पाच रुपये मानल्यास एका पाळीचा वीजखर्च १,८०० रुपये होईल. वाटेत निम्मे पाणी झिरपले, तर तोच खर्च ३,६०० रुपयांवर जाईल. उंची दुप्पट असेल, तर पुन्हा दुप्पट. यावरून कालव्याची दुरुस्ती, बंद नलिका व ठिबक सिंचन हे वीजबचतीचेही उपाय ठरतात.

आकारणी क्षेत्रावर असेल, तर पाणी वाचविणाऱ्या शेतकऱ्यास काहीच लाभ होत नाही. ती घनमापावर असेल, तर शेवटच्या पाळीने किती उत्पन्न वाढले, याचा तो हिशेब करतो. ऊस घ्यावा, ज्वारी घ्यावी की द्राक्षे, याचा विचारही या हिशेबावाचून पुरा होत नाही. वसुली रखडून वीजदेयक थकले, तर पंप थांबतात व पहिली झळ कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यास बसते.

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून या खोऱ्यात कार्य करीत आहे. पाठ्यपुस्तकातील अज्ञात नदीऐवजी कोयना, अनामिक पंपाऐवजी म्हैसाळचा पंप उदाहरणात आला, तर विद्यार्थ्यास विषयाचे प्रयोजन कळेल. ग्रामसभेतही सिंचनाचा विषय निघेल तेव्हा पाणी किती, उंची किती, वाटेत घट किती व खर्च कोणाचा, हे चार प्रश्न फळ्यावर लिहावेत. त्यांची उत्तरे काढण्यास लागणारा गुणाकार व भागाकार प्रत्येक गावात कोणास तरी येतो. तो सर्वांसमक्ष मांडला गेला, म्हणजे पाणीवाटपाची चर्चा तर्कावरून हिशेबावर येईल.