कळ आणि अक्षर

टंकयंत्रावर कळ आणि अक्षर यांचे नाते सरळ असते. कळ दाबली की तिला जोडलेला खिळा फितीवर आपटतो आणि कागदावर ठसा उमटतो. संगणकाची कळ मात्र अक्षर पाठवीत नाही. ‘अमुक क्रमांकाची कळ दाबली’ एवढाच निरोप देते. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे विंडोज, लिनक्स यांसारखी कार्यप्रणाली आपल्याजवळच्या तक्त्यावरून ठरविते.

भारतीय भाषांसाठी समान तक्ता असावा म्हणून केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने 1986 साली ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलक प्रमाण ठरविला. त्यात स्वर डाव्या हाताला, तर व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. टंकयंत्रावर पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढावी लागे. येथे उच्चाराप्रमाणे व्यंजन आधी आणि वेलांटी नंतर. विंडोज व लिनक्स या दोहोंत हा तक्ता मिळतो.

तक्त्यातून निघालेल्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडचा एक क्रमांक असतो. ‘गेवराई’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो; संगणकात मात्र ग, मात्रा, व, र, काना आणि ई असे सहा क्रमांक साठतात. विंडोज अंतर्गत व्यवहारात त्यांना प्रत्येकी दोन बाइट देते, म्हणजे एकूण 12. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीत, प्रत्येकी तीन बाइट लागतात, एकूण 18. तेथे साध्या रीतीत एन्टर दाबेपर्यंत ओळ प्रणालीच जवळ ठेवते आणि खोडायचे झाल्यास तीच खोडते. पूर्वी ती एका वेळी एकच बाइट खोडी. मराठी चिन्हाचा एक तुकडा जाई आणि दोन मागे राहत. 2004 साली लिनक्सच्या गाभ्यातच पूर्ण चिन्ह खोडण्याची सोय झाली.

याहून मोठी अडचण आपल्या रोजच्या व्यवहारातली आहे. ‘शेतकऱ्यांना’ किंवा ‘कऱ्हाडे’ यांतील अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एका रीतीत खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साध्या र चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह देतात. युनिकोडला दोन्ही रीती मान्य आहेत आणि पडद्यावर फरक दिसत नाही. परंतु साधा शोध रूप पाहत नाही, क्रमांक जुळवितो. यादीत आडनाव एका रीतीने आणि शोध दुसऱ्या रीतीने, असे झाले की नाव असूनही ‘नोंद नाही’ असे उत्तर येते. अर्ज, दाखले, लाभार्थ्यांच्या याद्या संगणकावर असताना ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी ‘जे’ची कळ शिफ्टसह दाबली की ऱ मिळतो, मग ‘डी’च्या कळेने त्याचा पाय मोडावा. आपण सर्वांनी ही एकच रीत पाळली, तर शुद्धलेखनाइतकीच तीही मराठीच्या उपयोगी पडेल.