डी. आर. आय. : वेगाला ब्रेक लावणारा बँड

होस्टेलमध्ये मेटल म्हणजे नुसता गोंगाट, असं मानणारे पुष्कळ आहेत. पण या गोंगाटातही घराणी आहेत, आणि त्या घराण्यांत एकेकाळी हाणामाऱ्या होत. म्हणून हा लेखप्रपंच.

१९८० च्या दशकात अमेरिकेत हार्डकोर पंक आणि थ्रॅश मेटल अशी दोन घराणी होती. पंकवाल्यांचे केस बारीक, गाणं मिनिटभराचं आणि राग थेट सरकारवर. मेटलवाल्यांचे केस लांब, गाणी लांब आणि जीव गिटारच्या सोलोवर. एकमेकांच्या कार्यक्रमाला गेले की वाजलंच समजा!

टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा डी. आर. आय. हा बँड १९८२ साली निघाला. गायक कर्ट ब्रेख्ट, गिटारवर स्पाइक कॅसिडी. १९८३ च्या पहिल्या छोट्या रेकॉर्डवर त्यांनी तब्बल २२ गाणी बसवली. म्हणजे सरासरी गाणं एका मिनिटाच्या आत खल्लास. पुढे १९८७ साली 'क्रॉसओव्हर' हा अल्बम आला. त्यात गाणी फक्त १२, पण सरासरी तीन मिनिटांच्या वर. या अल्बमचं नावच पुढे त्या मिश्र शैलीला चिकटलं.

आता यातलं तंत्र बघू. अतिवेगात आधीचा स्वर विरायच्या आत पुढचा येतो आणि सगळा काला होतो. पंकला तो कालाच हवा होता. मेटलवाले मात्र तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवतात. तार छेडली की लगेच दबते. आपल्या व्हायब्रेशनच्या भाषेत, डॅम्पिंग वाढवतात. त्यामुळे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो, आणि चार-पाच रिफ एकापुढे एक जोडून मोठं गाणं उभं करता येतं.

दुसरी गोष्ट ठेक्याची. आमच्या तीर्थपुरीकडे वरातीत हलगी घाईवर आली की पोरं बेभान नाचतात. पण तासभर नुसती घाईच वाजली तर कान बोथट होतात. मधे संथ ठेका आला तरच पुढची घाई अंगावर येते. डी. आर. आय.ने नेमकं हेच केलं.

जुने पंकवाले भडकले. म्हणाले, हे विकले गेले! त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पहिल्या रेकॉर्डमधली दम न घेता ओरडायची निकड पुढे कमी झाली, हे मलाही जाणवतं. पण ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. स्लेयरसारख्या बड्या थ्रॅश बँडने १९९६ साली पंक गाण्यांचा अख्खा अल्बम काढला, त्यात डी. आर. आय.चं गाणंही घेतलं. विकल्या गेलेल्यांची उधारी कोण घेतं?

मला विचाराल तर घराणं बदलणं म्हणजे बाटणं नव्हे. जुना राग तोच ठेवून तो नीट ऐकू यावा म्हणून नवं तंत्र शिकणं, यात फितुरी कसली? पटत नसेल तर आधी १९८३ चं ऐका, मग १९८७ चं. फक्त हेडफोन लावून, नाहीतर रेक्टर सर ठेका धरायला येतील!