शेअर्ड फोल्डर रखडतो तेव्हा

कर सल्लागाराचे कार्यालय असो की छोटा छापखाना, पाच-दहा संगणक एका स्विचला जोडून त्यांपैकी एकावरील फोल्डर सर्वांना खुला करून देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. हा फोल्डर ‘स्लो चालतो’ या एकाच तक्रारीखाली मात्र दोन निराळे दोष दडलेले असतात. कधी फोल्डर उघडण्यातच वेळ जातो आणि उघडल्यावर फाइल झरझर येते. कधी फोल्डर लगेच उघडतो, पण मोठी फाइल कॉपी होताना रेंगाळते. हा भेद न तपासता नवा सर्व्हर घेणे म्हणजे बहुधा खर्च वाया घालवणे होय.

पहिल्या प्रकारात संशय नावावर घ्यावा. संगणकाचे नाव वापरले की त्याचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरील अंकी पत्ता, आधी शोधावा लागतो. नावाऐवजी थेट हा पत्ता टाकल्यावर फोल्डर चटकन उघडला, तर विलंब त्या शोधातच होत होता असे समजावे. बंद पडलेल्या संगणकाकडे बोट दाखवणारे जुने मॅप्ड ड्राइव्हही असेच खोळंबून ठेवतात.

दुसऱ्या प्रकारात अपराधी पुष्कळदा केबल असते. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात. 100 एमबीपीएसच्या जोडणीला दोन पुरतात, 1 जीबीपीएसला मात्र चारही लागतात. खुर्चीच्या चाकाखाली चेपून किंवा कनेक्टर नीट क्रिम्प न झाल्याने एखादी तार निकामी झाली, तरी जोडणी तुटत नाही, ती गुपचूप 100 वर उतरू शकते, आणि म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने कुणाच्या ध्यानात येत नाही. 1 जीबीची जी फाइल आठ-दहा सेकंदांत यायची, तिला मग किमान 80 सेकंद लागतात. नेटवर्क कार्डाच्या स्टेटस खिडकीतील ‘स्पीड’चा आकडा एवढे सांगायला पुरेसा असतो.

हजारो लहान फाइलींचे दुखणे वेगळेच: प्रत्येक फाइल उघडताना-मिटताना दोन संगणकांत निरोपांची देवाणघेवाण होते, शिवाय अँटिव्हायरस प्रत्येकीची झडती घेतो, त्यामुळे केबल निर्दोष असूनही काम रखडते. अशा फाइली झिप करून एकगठ्ठा पाठवाव्यात. जुन्या स्कॅनरच्या सोयीसाठी एसएमबी-1 हा फाइल-वाटपाचा कालबाह्य नियमसंच सुरू करण्याचा सल्ला काही तंत्रज्ञ देतात. हा नियमसंच मंद तर आहेच, पण 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस त्यातल्याच त्रुटीतून पसरला होता.