विश्लेषण : घरचा जनरेटर खांबावरच्या वायरमनसाठी धोका कसा ठरतो?

तौक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळून गेले आणि जिल्ह्यातील अनेक गावे अंधारात बुडाली. शिरोड्यासारख्या किनारी गावांत वादळी पावसात माड-झावळ्या तारांवर पडतात, वीज जाते आणि घरोघरी जनरेटर सुरू होतात. त्याच वेळी महावितरणचे कर्मचारी खांबावर चढलेले असतात.

वीज उलटी कशी जाते?

जनरेटरची वायर थेट घरातल्या सॉकेटला जोडली आणि मेन स्विच सुरूच राहिला, तर घराचे वायरिंग व बाहेरची तार एकच होते. वीज मीटरमधून उलट खांबावर जाते. ती २३० व्होल्टची वीजही जीव घेऊ शकते. पुढे रोहित्र आहेच. ते ११ हजार व्होल्टचा दाब कमी करते, तसेच उलट दिशेने वाढवतेही. त्यामुळे पलीकडच्या तारेत हजारो व्होल्ट येऊ शकतात. शिवाय महावितरणचा पुरवठा अचानक परत आला, तर दोन्ही स्रोत एकमेकांवर आदळून जनरेटर जळू शकतो.

फक्त फेज तोडला तर?

पुरेसे नाही. न्यूट्रल दोन्हीकडे सामाईक राहिला, तर बिघाडाच्या वेळी त्यातूनही बाहेर दाब पोहोचू शकतो. इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्येही एका सर्किटचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल घेतल्यास आरसीसीबी वारंवार पडते. अशा वेळी ती काढून टाकणे म्हणजे शॉकपासूनचे संरक्षणच काढणे. चूक वायरिंगमध्ये शोधायला हवी.

उपाय काय?

सिंगल फेजसाठी दोन पोलचा, थ्री फेजसाठी चार पोलचा चेंजओव्हर स्विच. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलतो. एक स्रोत तुटल्याशिवाय दुसरा जोडला जात नाही. मात्र अर्थिंगची तार कधीही तोडायची नाही. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. खाऱ्या हवेने स्विचचे संपर्क गंजतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी तपासणी हवी.

छतावरच्या सोलरचे काय?

महावितरणच्या जाळ्याला जोडलेला सोलर इन्व्हर्टर वीज जाताच स्वतःहून बंद पडतो. ऊन असूनही घरात लाइट नाही, हा बिघाड नव्हे; खांबावरच्या माणसासाठी केलेली सोय आहे. जनरेटरला मात्र हे आपोआप कळत नाही. तिथे चेंजओव्हर स्विचच लागतो.

तुटलेली तार दिसल्यास हात न लावता १९१२ वर कळवावे.