चांदबीबी आणि नगरचा तट

चांदबीबीचें नांव घेतलें कीं तटाच्या खिंडारांत तलवार घेऊन उभी असलेली स्त्री आपल्या डोळ्यांपुढें येते. तें चित्र खरें आहे, पण अपुरें आहे. ती कशासाठीं लढली आणि अखेर कोणाच्या हातून मेली, हें जाणल्यावांचून तिची थोरवी कळत नाहीं.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसलेलें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, नाना लोकांचें शहर होतें. दरबारीं दक्षिणी मुसलमान होते, आफ्रिकेंतून आलेले हबशी होते, इराणी व तुर्क असे ‘आफाकी’ म्हणजे परदेशी होते, आणि मराठे सरदारही होते. राजकन्या चांदबीबीस फारसी व अरबीबरोबर मराठी व कानडीही येत असे. परंतु या मेळास तडा गेला. १५८९ सालीं राजधानींत परदेशीयांची कत्तल झाली. इतिहासकार फिरिश्ता त्या संकटांतून वांचला व विजापुरास निघून गेला.

१५९५ सालीं गादीसाठीं पक्षोपपक्ष भांडूं लागले आणि मियां मंजू या सरदारानें मोंगलांस साहाय्यास बोलाविलें. डिसेंबरांत शहाजादा मुराद यानें वेढा घातला. विजापूरची विधवा राणी, पण नगरची लेक, अशा चांदबीबीनें किल्ल्याची सूत्रें हातीं घेतलीं. शत्रूचे कांहीं सुरुंग तिच्या लोकांनीं शोधून निकामी केले. फेब्रुवारी १५९६ मध्यें एक उडाला व तटास मोठें खिंडार पडलें. तेथें ती स्वतः उभी राहिली, हल्ला परतविला आणि रात्रींतून तट पुन्हा उभारविला.

यापुढील तिची कृति मला अधिक मोलाची वाटते. तिनें वऱ्हाड देऊन तह केला. आईन-इ-अकबरींत आपलें माहूर याच वऱ्हाडांत मोडतें. मुलुख गेला तरी राज्य वांचावें, हा तिचा हिशेब होता. पण पाथरी वऱ्हाडांत येते कीं नाहीं, यावरून पुन्हा तंटा झाला. १५९७ सालीं नांदेडच्या वरच्या अंगास, गोदाकाठीं सोनपेठजवळ, दक्षिणेच्या संयुक्त फौजा मोंगलांकडून हरल्या.

१६०० सालीं मोंगल पुन्हा तटाशीं आले. आंत फूट होती. किल्ला सोडून बालराजा बहादुर यास सुखरूप न्यावें, असें तिनें सुचविलें. तेव्हां तिच्याच एका अधिकाऱ्यानें ती फितूर झाल्याची हूल उठविली, आणि खवळलेल्या जमावानें तिला ठार केलें. ऑगस्टांत किल्ला पडला. बहादुर ग्वाल्हेरीस कैदेंत गेला.

काळाच्या ओघास अडविणें म्हणजे कांहींच न सोडणें नव्हे. काय राखावें व काय सोडावें, हें तिला कळत होतें. तिच्या लोकांस कळलें नाहीं. तट तिनें एका रात्रींत सांधला. माणसांतील भेग मात्र तिला सांधतां आली नाहीं. नगरच्या पूर्वेस डोंगरावर ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून दाखवितात, तीही वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे. तिचें खरें स्मारक म्हणजे तो किल्लाच होय.