कागदी पॉपी आणि तिच्यामागच्या बायका

मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डे पाळतात. त्याच्या आधीच्या शुक्रवारी गावोगावच्या किराणा दुकानांच्या दारात घडीचं टेबल मांडून बायका बसलेल्या दिसतात. पुष्कळजणी साठी उलटलेल्या. टेबलावर एक डबा आणि खोकाभर लाल क्रेप कागदाची फुलं. येणारा-जाणारा डब्यात काही टाकतो, बाई त्याच्या हाती फूल देते, तो ते शर्टाच्या काजात अडकवून पुढे जातो. या देवघेवीला एक नियम आहे आणि तो कसोशीनं पाळला जातो: फुलाला किंमत नाही. कुणी चिल्लर टाकली काय नि शंभराची नोट टाकली काय, फूल तेच. ‘केवढ्याला?’ असं कुणी विचारलं, तर ‘विकायचं नाही, मनाला येईल ते द्या’ हे उत्तर ठरलेलं.

या बायका अमेरिकन लीजन ऑक्झिलरीच्या. अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली उभी राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मिनियापोलिसच्या अधिवेशनात तिच्या जोडीनं बायकांची शाखा काढायचं ठरलं. सैनिकांच्या आया, बायका, बहिणी, मुली तिच्या सभासद झाल्या. गावात लीजनचं ‘पोस्ट’ असलं की त्याला लागून बायकांचं ‘युनिट’ असायचं, आजही असतं. मुख्य कचेरी इंडियानापोलिसला असली, तरी काम सगळं युनिटच्या पातळीवर चालतं. २०१९ मध्ये घटनेतल्या ‘पत्नी’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ आला आणि लष्करात असलेल्या बायकांच्या नवऱ्यांनाही सभासद होता येऊ लागलं. तरी टेबलामागे आजही बहुतेक बायकाच असतात.

सैनिकांसाठी पैसे गोळा करणाऱ्या संस्था जगात कमी नाहीत. मला या बायकांचं काम मोठं वाटतं ते वेगळ्या कारणानं. लढाईतून मोडून आलेल्या माणसाला आयुष्यभर घेणारा करून ठेवायचं नाही, त्याच्या हातून काहीतरी बनलं पाहिजे, कुणाला तरी काहीतरी दिलं गेलं पाहिजे, हे त्यांना फार लवकर उमगलं. आणि उमगलं तेवढ्यावर न थांबता त्यांनी त्याची रीत बसवली.

या फुलाच्या मुळाशी मोइना मायकेल ही शिक्षिका आहे. जन्म १८६९ चा, जॉर्जिया राज्यातल्या गुड होप नावाच्या खेड्यातला. १९१८ साली ती नोकरीतून रजा घेऊन न्यूयॉर्कला आली होती. युद्धावर पाठवायच्या वायएमसीएच्या सेवकांचं प्रशिक्षण कोलंबिया विद्यापीठात चालायचं, तिथल्या कार्यालयात ती काम करत होती. ९ नोव्हेंबर, शनिवार. युद्धविरामाला दोन दिवस उरले होते, पण तेव्हा ते कुणाला ठाऊक असणार? एका जवानानं जाता जाता तिच्या टेबलावर एक मासिक ठेवलं. त्यात जॉन मॅक्रे या कॅनेडियन लष्करी डॉक्टरची फ्लॅंडर्सच्या रणभूमीवरची कविता छापलेली होती. ही कविता तिनं आधी वाचलेली होती, पण त्या दिवशी तिच्या मनानं ती वेगळ्या तऱ्हेनं घेतली. जन्मभर लाल पॉपी लावायची असा तिनं तिथल्या तिथं निश्चय केला. योग असा, की स्वतःच्या खर्चानं कार्यालय फुलांनी सजवत असे म्हणून त्याच दिवशी तिघा प्रतिनिधींनी तिला दहा डॉलरचा धनादेश दिला. ती तशीच बाजारात गेली. दुकानं पालथी घालत शेवटी वॅनमेकरच्या मोठ्या दुकानात तिला रेशमी पॉपी मिळाल्या, एक मोठी आणि दोन डझन लहान. एक स्वतःच्या कॉलरला लावली, बाकीच्या मागणाऱ्यांना वाटून टाकल्या.

पॉपीच का? फ्लॅंडर्समध्ये हे रानटी फूल शेताच्या कडेनं उगवतं. अफूच्याच कुळातलं, पण त्यात अफू नसते. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि माती उकरली गेली, उजेड लागला की रुजतं. तोफगोळ्यांनी मैलोनमैल जमीन उलटीपालटी केली होती. त्यामुळे १९१५ च्या वसंतात ताज्या थडग्यांवर लाल फुलांचे ताटवे आले. डॉक्टर मॅक्रे यांनी पाहिलं ते हे.

मोइना मायकेल युद्धानंतर जॉर्जियाला परतली आणि विद्यापीठात अपंग सैनिकांच्या वर्गाला शिकवू लागली. तिच्या कहाणीतला हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. मला तोच महत्त्वाचा वाटतो. स्मारकाचं फूल ही कल्पना तिला न्यूयॉर्कला सुचली, पण या फुलातून माणसांचं पोट भरलं पाहिजे हे तिला कळलं ते वर्गात, हातपाय गमावलेल्या तरुणांना समोर बसवून शिकवताना. पुढे टपाल खात्यानं १९४८ मध्ये तिचं तिकीट काढलं. ते पाहायला ती नव्हती. १९४४ मध्येच ती गेली होती.

दुसरी बाई फ्रेंच, ॲना गेरँ. तिच्याकडे व्यवहार होता. उत्तर फ्रान्समध्ये गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली होती. तिथल्या विधवा आणि मुलं कापडाच्या पॉपी बनवत. ती फुलं घेऊन मादाम गेरँ अमेरिकाभर भाषणं देत हिंडली. सप्टेंबर १९२० मध्ये क्लीव्हलंडच्या अधिवेशनात लीजननं पॉपी स्वीकारली. पुढच्या वर्षी लीजनचं मन फिरलं आणि पॉपीऐवजी डेझीचं फूल आलं. त्याच्या पुढच्या वर्षी पॉपी परत आली. बायकांच्या ऑक्झिलरीनं १९२१ मध्ये ती आपलीशी केली आणि मग सोडली नाही.

मादाम गेरँ एवढ्यावर थांबली नाही. १९२१ मध्ये तिनं कॅनडाला, ब्रिटनला, ऑस्ट्रेलियाला आणि न्यूझीलंडला हीच कल्पना पटवली. ब्रिटनमध्ये ११ नोव्हेंबर १९२१ च्या पहिल्याच पॉपी दिवशी १ लाख ६ हजार पौंड जमले. न्यूझीलंडची फुलं घेऊन निघालेलं जहाज उशिरा पोहोचलं. नोव्हेंबर हुकला म्हणून त्यांनी पॉपी दिवस २४ एप्रिल १९२२ ला, अँझॅक दिनाच्या आदल्या दिवशी ठेवला. एका जहाजाच्या उशिरामुळे त्या देशात आजही पॉपी एप्रिलमध्ये लावतात.

पण ही सगळी फुलं फ्रान्समधून यायची. ती आपल्या अपंग सैनिकांनीच का बनवू नयेत? ब्रिटनमध्ये हे मनावर घेतलं मेजर जॉर्ज हाउसन यांनी. १९२२ मध्ये लंडनच्या ओल्ड केंट रोडवर त्यांनी पाच अपंग सैनिकांना घेऊन कारखाना काढला. फुलाचा नमुनाच असा बेतलेला होता, की एक हात निकामी झालेल्या माणसालाही त्याची जोडणी करता यावी. वस्तूला शोभेल असा कामगार शोधण्याऐवजी कामगाराला जमेल अशी वस्तू घडवायची, ही त्यातली खरी कारागिरी. इंग्लंडची मागणीच एवढी होती, की स्कॉटलंडपर्यंत फुलं पुरत नसत. तेव्हा फील्ड मार्शल हेग यांच्या पत्नी लेडी हेग यांनी १९२६ मध्ये एडिंबरोत स्वतंत्र कारखाना उघडला. सुरुवातीला कामाला दोघं जण, हाताशी कागद आणि कात्र्या. स्कॉटलंडच्या पॉपीला चार पाकळ्या असतात आणि पान नसतं, ते तेव्हापासून.

अमेरिकेत असा एक मोठा कारखाना मध्यभागी नव्हता. ऑक्झिलरीची फुलं लष्करी रुग्णालयांत आणि माजी सैनिकांच्या निवासांत बनू लागली. युनिटच्या बायका कापलेला क्रेप कागद आणि तार घेऊन तिथं जात. काम दिसायला सोपं असतं. पाकळ्यांचा कागद तारेवर बसवायचा, मधोमध गाभा, कडा अंगठ्यानं ताणून थोड्या चुरगळायच्या म्हणजे फूल फुललेलं दिसतं, मग देठाला हिरवी पट्टी गुंडाळायची आणि चिठ्ठी लावायची. राज्याराज्यांत यात थोडाफार फरक. पण ज्याची बोटं थरथरतात, ज्याला रात्र रात्र झोप नाही, ज्याला चार माणसांत बसवत नाही, त्याला एका जागी बसून एकसारखी शंभर फुलं करणं सोपं नसतं. बोटांना व्यायाम होतो, मन ठिकाणावर राहतं असं तिथले लोक सांगतात, आणि ते खरं असावं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. प्रत्येक फुलामागे सैनिकाला पैसे मिळतात. हा त्याचा मेहनताना असतो, मदत म्हणून दिलेला नसतो.

मग बाहेर टेबलावर त्या फुलाची किंमत का सांगायची नाही, हे लक्षात येतं. बनवणाऱ्याला मजुरी मिळून गेलेली असते. डब्यात पडतं ते देणाऱ्याच्या मनाचं, आणि त्या डब्यातला पैसा युनिटला चहापाण्यावर किंवा कार्यालयाच्या भाड्यावर खर्च करता येत नाही. तो फक्त माजी सैनिक, सेवेतले सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी. हिशेब वेगळा ठेवावा लागतो. सार्वजनिक वर्गणीच्या हिशेबावरून गावागावांत काय काय होतं ते आपल्याला माहीत आहे. शंभर वर्षं हा नियम टिकवणं हीच मोठी कामगिरी आहे.

ऑक्झिलरीचं दुसरं एक काम आहे आणि ते मला पॉपीहूनही पुढचं वाटतं. नाताळाच्या आधी बायका रुग्णालयातल्या एखाद्या दालनात चक्क दुकान थाटतात. बाहुल्या, मोजे, स्वेटर, हत्यारांचे संच, अत्तराच्या बाटल्या, खेळण्यातल्या मोटारी. सगळं नवं कोरं. रुग्ण सैनिक येतो, फिरून पाहतो, हाताळतो, बायकोसाठी काय, नातीसाठी काय ते निवडतो. पैसे द्यायचे नसतात. बायका त्याच्यासमोर वस्तू रंगीत कागदात बांधतात, त्याचं नाव घालतात आणि घरच्या पत्त्यावर टपालानं पाठवतात. ज्याला खाटेवरून उठता येत नाही, त्याच्यापाशी वस्तू घेऊन जातात. हा प्रघात १९२० च्या दशकापासून चालत आलेला आहे.

यात किती बारीक विचार आहे! याच बायका त्याच वस्तू थेट सैनिकाच्या घरी पाठवू शकल्या असत्या. श्रम निम्मे झाले असते. पण मग पुडक्यावर नाव संस्थेचं आलं असतं. सहा महिने पलंगावर पडलेल्या बापानं मुलीला खेळणं पाठवलं, रंगही त्यानंच पसंत केला, ही गोष्ट त्या घरात घडली नसती. दुकान मांडायचं, निवड त्याच्यावर सोडायची आणि पुडक्यावरून आपलं नाव पुसायचं. दान करणाऱ्याला शेवटची ही पायरी सगळ्यात जड जाते.

असं स्वयंसेवी काम सरकारला जबाबदारीतून मोकळं करतं, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण या मंडळींनी दोन्ही बाजू धरून ठेवल्या. परतलेल्या सैनिकांना शिक्षण, घरकर्ज आणि बेकारभत्ता देणारा १९४४ चा जीआय बिल कायदा लीजनच्याच हॅरी कॉल्मरी यांनी वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात, हॉटेलच्याच कागदांवर लिहून काढला. ऑक्झिलरीच्या युनिटांतून खासदारांना पत्रं आणि फोन आजही जातात. १९४६ मध्ये माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी स्वयंसेवेची रीतसर व्यवस्था लावली, तेव्हा तिच्यातही या बायका पहिल्यापासून होत्या.

आपल्याकडेही ही पॉपी येऊन गेली आहे. स्वातंत्र्यापूर्वी हिंदुस्थानात ११ नोव्हेंबरला कागदी पॉपी वाटून निधी जमवत. तो मुख्यतः ब्रिटिश माजी सैनिकांसाठी असायचा, हिंदी सैनिकांना त्यातलं काही देणं हे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, हे आठवलं की ही मर्जी फार टोचते. स्वातंत्र्यानंतर आपण आपला दिवस ठरवला. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन आहे. तांबडा, गडद निळा आणि फिका निळा, तिन्ही दलांच्या रंगांचा छोटा ध्वज छातीवर लावायचा आणि निधीत भर घालायची. महाराष्ट्रात हे काम जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं यांच्याकडून चालतं. जिल्ह्याला उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं आणि कार्यालया-कार्यालयांतून ते पुरं केलं जातं. पैसा जमतो आणि तो कामी येतो, यात शंका नाही. पण दुकानाच्या दारात टेबल मांडून बसलेली, ‘मनाला येईल ते द्या’ म्हणणारी शेजारीण त्यात नाही, आणि ज्याच्यासाठी निधी जमतो त्याचा हातही त्यात नाही.

असं नाही की आपल्याकडे हा विचारच नव्हता. अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली, म्हणजे मोइना मायकेलनं वॅनमेकरमध्ये पाऊल टाकण्याच्याही आधी. पुढाकार एका बाईचाच होता, गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांचा. संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. त्याच खडकीत १९७४ पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. मणक्याला इजा होऊन कमरेखालचं किंवा मानेखालचं अंग लुळं पडलेले जवान तिथं राहतात. व्हीलचेअरवरून बास्केटबॉल खेळतात. ज्यांचे हातही गेले त्यांच्यातल्या काहींनी तोंडात ब्रश धरून चित्रं काढायला शिकून घेतलं आहे.

महाराष्ट्रात बचतगट नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गटांमध्ये वीरपत्नी आहेत, वीरमाता आहेत, सुट्टीवर येणाऱ्या जवानांच्या बायका आहेत. कागद, तार, गोंद ही सामग्री काही महागडी नव्हे. ७ डिसेंबरचे ध्वज खडकीसारख्या ठिकाणी, ज्यांना जमेल आणि हवं असेल त्या जवानांच्या हातून, नगामागे मजुरी देऊन करून घेतले आणि बचतगटांच्या बायका ते घेऊन आठवडी बाजारात बसल्या, तर सुरुवातीला एक तालुका पुरे आहे. लेडी हेगच्या कारखान्यातही पहिल्या दिवशी दोघंच होते.