निराधार अनुदानाची वाढ पासबुकात केव्हा दिसते?



संजय गांधी निराधार व श्रावणबाळ योजनेचे अनुदान घेणारी माणसे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहेत. "वाढ झाली म्हणतात, मग माझ्या खात्यात का नाही?" असे ती विचारतात. म्हणून हा खुलासा.

उसाची एफआरपी केंद्र सरकार दर हंगामाला ठरवते. नोकरदारांचा महागाई भत्ता जानेवारी व जुलैपासून धरतात. निराधार अनुदानाला असा वार्षिक नेम नाही. शासन निर्णय निघेल तेव्हाच वाढ. जुलै २०२३ पासून १,००० रुपयांचे १,५०० झाले. ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झाले, पण ते फक्त दिव्यांगांना. विधवा व वृद्धांना ती वाढ नव्हती. एकाच गल्लीत दोघांचे आकडे वेगळे दिसतात ते यामुळे.

दुसरे असे की, वाढ लागू होण्याचा महिना एक आणि पैसे पडण्याची तारीख दुसरी. ऊस आज तुटतो, बिल मागाहून जमा होते, तसेच हे. म्हणून तारखेवर जाऊ नका. हप्ता कोणत्या महिन्याचा आहे ते पाहा.

आता पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. दोन खाती असतील तर दोन्ही पासबुके भरून घ्या. हयातीचा दाखला दरवर्षी द्या. तरी फरक राहिला तर तहसील कचेरीतील संजय गांधी शाखेत लेखी अर्ज करून पोच घ्या. मधल्या माणसाला दमडीही देऊ नका. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना हे वाचून दाखवावे, ही विनंती.